उद्याचं माहीत नसलेल्याची रोजनिशी

'गोष्टीतल्या एका पात्राची रोजनिशी लिहा' एवढंच सांगून मुलांना मोकळं सोडलं, की वह्यांमध्ये हमखास दोन प्रकार सापडतात. काही मुलं आत्मवृत्त लिहितात. 'मी एक कावळा आहे. माझा जन्म वडाच्या झाडावर झाला.' नदीचं, शाळेच्या घंटेचं, फाटक्या पुस्तकाचं आत्मवृत्त त्यांनी इतक्यांदा लिहिलेलं असतं, की हात आपसूक तिकडेच वळतो. उरलेली मुलं अख्खी गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा सांगतात, फक्त 'तो'च्या जागी 'मी' घालतात. यात त्यांचा काही दोष नाही. रोजनिशी लिहिणाऱ्याला उद्या काय होणार हे ठाऊक नसतं, ही एकच गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नसते. खालची सगळी कृती या एका गोष्टीवर उभी आहे.

ही कृती पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी आहे. वर्गात सहा-सात तासिका लागतात आणि त्या शक्यतो एकाच आठवड्यात घ्याव्यात, कारण मध्ये सुट्टी पडली की मुलं पात्रातून बाहेर येतात. घरी एक-दोन मुलांबरोबर करायचं तर तीन-चार संध्याकाळी पुरतात. साहित्य म्हणाल तर एक गोष्ट, पाठकोरे कागद आणि फळा. सुंदर मुखपृष्ठाच्या डायऱ्या आणू नका. चांगल्या कागदावर मुलं घाबरत लिहितात.

गोष्ट निवडताना

गोष्ट 'तो' आणि 'ती'मध्ये सांगितलेली असावी. त्यात निदान चार माणसं असावीत आणि प्रत्येकाला वेगवेगळं माहीत असावं. एका तासिकेत ती मोठ्यानं वाचून संपायला हवी.

'श्यामची आई' आपल्या सगळ्यांच्या जवळचं पुस्तक आहे, म्हणून शिक्षक पहिल्यांदा तेच उचलतात. सुरुवातीला ते घेऊ नये असं मला वाटतं. श्याम स्वतःच सांगतो आहे, आणि तो मोठा झाल्यावर मागं वळून सांगतो आहे. आईच्या प्रत्येक कृतीचा अर्थ त्याला कळून चुकलेला आहे. पोहायला जायचं नाही म्हणून लपून बसलेल्या आणि आईचा मार खाल्लेल्या श्यामनं त्याच रात्री काही लिहिलं असतं, तर ते फार वेगळं निघालं असतं. पण तो राग मुलांना सहजी सापडत नाही, कारण पुस्तकातलं प्रेम त्यांना आधीच पाठ असतं. हाताला सवय झाली की हाच प्रसंग जरूर घ्या.

मी प्रेमचंदांची 'ईदगाह' घेते. १९३३ सालची ही गोष्ट. चार-पाच वर्षांचा हमीद, त्याची दादी अमीना, आणि ईदच्या जत्रेला निघालेली गावातली मुलं. बाकीच्यांच्या खिशात खुळखुळणारे पैसे, महमूदकडे बारा, मोहसिनकडे पंधरा, आणि हमीदकडे तीन. मुलं दोन-दोन पैशांची मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद लोखंडी सामानाच्या दुकानातून दादीसाठी चिमटा घेऊन येतो, कारण तव्यावरून रोटी काढताना तिची बोटं भाजतात. मुलं पाचवीपासून हिंदी शिकत असतात, त्यामुळे मूळ हिंदीतून सावकाश वाचली तरी त्यांना कळते, अडलेल्या जागी आपण मराठीत सांगावं. जुन्या पैशाचा हिशेब मात्र आधी फळ्यावर मांडा: चार पैशांचा एक आणा, सोळा आण्यांचा एक रुपया. तीन पैसे म्हणजे धड एक आणाही नाही, हे कळल्याशिवाय गोष्ट लागत नाही.

पहिल्या दिवशी काहीच लिहायचं नाही

सुरुवात चिमणी-कावळ्यापासून करायची. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस, घर वाहून गेलेला कावळा आणि चिमणीचं बंद दार. ही गोष्ट माहीत नाही असं मूल मला अजून भेटलेलं नाही. वर्गात विचारायचं: कावळा आत्ता दाराबाहेर उभा आहे. त्याला काय काय माहीत आहे?

पहिली उत्तरं गोष्टीच्या शेवटाची येतात. चिमणी दार उघडेल, मग तो आत जाईल, मग असं होईल. तिथंच थांबवायचं. दार उघडायचं आहे अजून. कावळ्याला काय दिसतंय? अंधार, पाऊस, दार. काय ऐकू येतंय? चिमणीचा आवाज. ती म्हणते, बाळाला न्हाऊ घालतेय, तीट लावतेय, झोपवतेय. हे खरं आहे का? कावळ्याला कळायला काही मार्ग आहे का?

या प्रश्नावर वर्ग शांत होतो. मग एखादा मुलगा म्हणतो, 'बाई, आतून बाळाचा आवाज येत नाहीये. अंघोळ घालताना बाळ रडतं.' लहान भावंड असलेलाच मुलगा हे बोलू शकतो. त्या वाक्यापाशी कावळा खराखुरा दाराबाहेर उभा राहतो. चिमणी खोटं बोलते की खरं, हे आपण ठरवायचं नाही. कावळ्याला संशय आला, एवढंच त्याच्या वहीत येईल.

मग तीच रात्र चिमणीकडून. तिला बाहेरचा कावळा दिसत नाही. तिनं दार का उघडलं नाही, हे ती वहीत प्रामाणिकपणे लिहील का? मुलं इथं तावातावानं भांडतात. भांडू द्यावं. तासिका संपेपर्यंत हे बोलणंच चालू राहू दे, वही उघडायची नाही.

गोष्ट वाचणं

दुसऱ्या दिवशी 'ईदगाह' मोठ्यानं वाचा, सलग, प्रश्नोत्तरांशिवाय. फक्त एकदा थांबा. हमीद चिमट्याच्या दुकानापुढे उभा आहे, दुकानदार सहा पैसे म्हणतो, मग पाच म्हणतो. तिथं विचारा, 'खिशात किती आहेत?' आणि पुढं वाचा.

माहीत आहे, माहीत नाही

तिसऱ्या दिवशीचं काम सगळ्यात महत्त्वाचं. यात घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं, तेव्हा हवा तर आणखी एक तास इथं घालवा.

फळ्यावर मधोमध रेघ मारून दोन रकाने करा. डावीकडे 'माहीत आहे', उजवीकडे 'माहीत नाही'. वर पात्राचं नाव आणि वेळ. वेळ लिहायला विसरू नका. 'हमीद' एवढं पुरत नाही, 'हमीद, ईदच्या रात्री झोपताना' असं हवं.

हमीदच्या डाव्या रकान्यात मुलं पटापट सांगतात. तीन पैसे होते. दादीची बोटं भाजतात. पायात जोडा नव्हता. सगळे आपल्याला हसले. मग चिमट्याची शेखी मिरवली तेव्हा गप्प झाले.

उजवीकडे वेळ लागतो. एखादी मुलगी म्हणते, 'त्याचे आईवडील वारले.' हे वाक्य आलं की खडू खाली ठेवा. गोष्टीत वाचलं तर हमीदला ते ठाऊकच नाही. त्याला सांगितलं आहे की अब्बा पैसे कमवायला गेलेत, थैल्या घेऊन येतील, आणि अम्मी अल्लाच्या घरी छान छान वस्तू आणायला गेली आहे. तो वाट बघतो आहे, आणि आनंदात आहे. 'मी पोरका आहे' असं हमीद कधीच लिहिणार नाही. 'अब्बा थैली घेऊन आले की मी महमूदला दाखवीन' असं तो लिहील.

मुलं हे लगेच मान्य करत नाहीत. 'पण बाई, ते तर मेलेत!' आपल्याला माहीत आहे, त्याला नाही. हा फरक पहिल्यांदा कळतो तेव्हा मुलांचे चेहरे बघण्यासारखे असतात. वाचणाऱ्याला जे माहीत आहे ते लिहिणाऱ्याला माहीत नाही आणि तो आनंदानं लिहितो आहे, यानं वाचणाऱ्याचा गळा दाटतो. हे समजावून सांगण्याची गरज नाही. हमीदचं ते एक वाक्य फळ्यावर लिहा आणि मुलांना वाचू द्या.

आता अमीना. तिला मुलगा आणि सून गेल्याचं माहीत आहे. दोन आण्यांतले तीन पैसे हमीदच्या खिशात घातल्यावर बटव्यात पाच उरलेत, हेही माहीत आहे. हमीद दिवसभर कुठं होता, काही खाल्लं का, पाय किती दुखले, यातलं काही माहीत नाही. चिमटा बघून ती आधी चिडते, कारण पोर दुपारपर्यंत उपाशी राहून हे लोखंड घेऊन आलं असं तिला वाटतं. तिचा राग खरा आहे. तिच्या वहीत तो यायला हवा.

मोहसिनला हमीदच्या दादीची बोटं माहीतच नाहीत. आणि दुकानदाराला? लहान पोर आलं, तीन पैसे म्हणालं, पुढं चालायला लागलं, हाक मारून दिला. एवढंच. दुकानदाराची नोंद सगळ्यात छोटी आणि लिहायला सगळ्यात अवघड. वर्गातल्या चुणचुणीत मुलांना ती द्यावी.

खरी माणसंही अशीच लिहितात, हे सांगायला इथं ॲन फ्रँकचं उदाहरण येतं. १२ जून १९४२ रोजी, तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली. ॲम्स्टरडॅममध्ये नाझींपासून लपून राहताना ती त्यात 'किटी' नावाच्या मैत्रिणीला उद्देशून लिहीत राहिली. शेवटची नोंद आहे १ ऑगस्ट १९४४ची. ४ ऑगस्टला ती आणि तिच्याबरोबर लपलेले सगळे पकडले गेले. शेवटची नोंद लिहिताना ती शेवटची आहे हे तिला माहीत नव्हतं. ही शेवटची नोंद, असं काही त्यात म्हटलेलं नाही. सहावी-सातवीच्या मुलांना एवढं सांगावं, पाचवीला तपशील कमी ठेवावा, पण टाळू नये.

पात्र कुणी निवडायचं

मुलांनीच. आपण वाटून दिलं की गृहपाठ होतो. दोन अटी मात्र घाला. पहिल्या खेपेला वस्तू आणि प्राणी नकोत, कारण चिमट्याची रोजनिशी दोन ओळींत चिमट्याचं आत्मवृत्त होते. आणि एकाच पात्रामागे सगळा वर्ग लागला तर काहींना वळवा. हमीद सगळ्यांना हवा असतो.

इथं कुणीतरी विचारतंच: चार-पाच वर्षांच्या हमीदला लिहिता कसं येईल? अमीनाला तरी येत असेल का? प्रश्न रास्त आहे, 'चालतं गोष्टीत' म्हणून उडवून लावू नका. वर्गाला उपाय शोधू द्या. एक उपाय असा निघतो की हमीद झोपायच्या आधी स्वतःशी बोलतो आणि आपण ते उतरवून घेतो. दुसरा असा: मोठा झाल्यावर हमीद लिहायला शिकला आणि त्यानं त्या रात्रीचं लिहिलं. ऐकायला छान वाटतो, पण रकान्यांकडे बोट दाखवा. मोठ्या हमीदला सगळं माहीत असणार, मग ती रोजनिशी राहिली कुठं? आठवण झाली. मुलांना स्वतःच हे सापडलं तर फार बरं.

कुठे बसून, कशाच्या उजेडात

लिहायच्या आधी पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं. आपण हळू आवाजात विचारायचं, उत्तरं मनातच द्यायची. तू कुठं बसला आहेस? उजेड कशाचा आहे? अंगातला कोणता भाग दुखतोय? घरात अजून कोण जागं आहे? ही वही कुणाच्या हाती पडू नये असं वाटतं? आज कुणालाच सांगितली नाहीस अशी कोणती गोष्ट आहे?

शेवटचे दोन प्रश्न कधीही गाळू नका. लपवण्यासारखं काही नसेल तर माणूस रोजनिशी लिहितच नाही. मोहसिनकडे तसं आहे. त्यानं हमीदला रेवडी देऊ केली आणि हमीदनं हात पुढं केल्यावर स्वतःच्या तोंडात टाकली. गोष्टीत पुढं कुणी ते काढत नाही. मोहसिनला मात्र ते आठवत असेल.

लिहायचं

पंधरा मिनिटं, आवाज नाही, खोडरबर नाही. वर तारीख किंवा 'ईदची रात्र' असं काही. पहिलं वाक्य सकाळचं नको, एवढीच सक्ती. 'सकाळी उठलो, दात घासले, नवे कपडे घातले' असं सुरू झालं की मूल पानभर दिवस मोजत बसतं आणि मुद्द्याशी येईपर्यंत घंटा होते. झोपताना जे डोक्यातून जात नाही, तिथून सुरू करायचं.

मुलं लिहीत असताना मीही फळ्याच्या कडेला लिहिते. मोठ्यांनी त्याच वेळी लिहिणं मुलांना फार आवडतं. जत्रेतून मातीचा भिश्ती घेऊन आलेल्या मोहसिनची नोंद मी अशी लिहिली होती:

'ईदची रात्र.
भिश्ती फुटला. धाकटीनं ओढला आणि उड्या मारायला लागली. अम्मीनं दोघांनाही लगावल्या. माझं काय चुकलं? मशकीचा एक तुकडा तेवढा राहिलाय. उशाखाली ठेवलाय.
हमीदचा चिमटा काही फुटणार नाही. तो खांद्यावर बंदुकीसारखा घेऊन चालत होता तेव्हा आम्ही हसलो. मग मीच म्हटलं, जरा बघू दे. जड होता.
चिमटाच का पण? उद्या विचारतो. नको. त्याला वाटेल, मला हवाय.
रेवडीचं कुणी घरी सांगितलं नाही म्हणजे बरं.'

ही नोंद फळ्यावर असली की चर्चा आपोआप होते. 'मला वाईट वाटलं' असं कुठं आहे का? नाही. मग वाईट वाटलंय हे कळलं कसं? मुलं मशकीच्या तुकड्याकडे बोट दाखवतात.

भाषा कुणाची

'बाई, घरी बोलतो तसं लिहू का?' हा प्रश्न आला की समजायचं, काम नीट चाललंय. हो, लिही. कोकणातल्या पोराचा मोहसिन मालवणीत तक्रार करील, खानदेशातल्या पोरीची अमीना अहिराणीत करवादेल. ती पात्रं मुळात उत्तरेकडची आहेत हे खरं, पण स्वतःशी बोलताना माणसाला जी भाषा सापडते ती त्याच्या घरचीच असते. उलट, प्रत्येक ओळीत ओढूनताणून उर्दू शब्द पेरलेली वही नकली वाटते. अम्मी, दादी, अब्बा एवढं पुरे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेवर लिहून घेताना हीच अडचण येते. फुरसुंगीचा हा सायकलवाला पोरगा, बनेश ऊर्फ बन्या, मुलांना तोंडपाठ असतो, आणि मग दर दोन ओळींनी त्याचा 'टॉक्' येतो. 'टॉक्' काढून टाकल्यावर खाली बन्या उरतो का, हे बघायला सांगावं. तो कशाकडे आधी बघतो? काय बघून त्याच्या डोक्यात चक्रं फिरायला लागतात? हातमोज्यातलं रिकामं बोट, चुकीच्या फलाटावर उभा असलेला माणूस, असं काहीतरी नजरेला पडलं की आवाज सापडतो.

वर्गात मुसलमान घरातली मुलं असतील तर ईदच्या घरातलं त्यांना आपल्याहून जास्त माहीत असतं. गोष्टीत शेवया आहेत, आपल्याकडे शीरखुर्मा होतो, ईदी कुणाकडून किती मिळते, चंद्र दिसला की घरात काय धांदल उडते. त्यांनी आपणहून सांगितलं तर सगळ्यांच्या वह्यांना त्याचा उपयोग होतो. 'तू सांग, तुमच्यात कसं असतं' असं म्हणून एकट्याला उभं मात्र करू नये.

तीन नोंदी, आणि त्यातली तिसरी

'ईदगाह' एका दिवसाची गोष्ट आहे, म्हणून नोंदी तीन घ्यायच्या. पहिली आदल्या रात्रीची, चंद्र दिसल्यानंतरची. तेव्हा चिमटा जगात नाही. मोहसिन फक्त पंधरा पैसे मोजतोय, अमीनाला घोर लागलाय की एवढंसं पोर तीन कोस चालणार कसं. दुसरी ईदच्या रात्रीची. तिसरी त्यानंतरच्या दिवसाची, जी गोष्टीत नाहीच.

तिसऱ्या नोंदीत आधाराला काही नसतं, म्हणून तिच्यात मूल खरं लिहितं. पहिल्या दोन त्या तिसरीसाठी पाया घालतात. दुसऱ्या दिवशी हमीदच्या घरी काय झालं? माझ्याकडे एका मुलीनं अमीना होऊन लिहिलं होतं की चिमटा तिला अजून जमत नाही, रोटी दोनदा चुलीत पडली, सवय बोटांचीच आहे, पण हमीद बघत बसलाय म्हणून ती चिमट्यानंच काढतेय. त्या वयाच्या मुलीला हे सुचलं, कारण तिनं तोपर्यंत दोन रात्री अमीना होऊन काढल्या होत्या. पहिल्याच दिवशी 'पुढं काय झालं असेल ते लिही' म्हटलं असतं तर हमीदला बक्षीस मिळालं असतं.

वाचून दाखवणं

सगळ्यांच्या तिसऱ्या नोंदी झाल्या की चार मुलांना पुढं बोलवा. अमीना, हमीद, मोहसिन, दुकानदार. एकाच दिवसाच्या नोंदी एकामागून एक वाचायच्या. एकाच घरातल्या माणसांनी आळीपाळीनं लिहिलेल्या रोजनिशीत केवढी गंमत असते, हे दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी'नं मराठी वाचकांना दाखवलंच आहे. पुढं त्यावरूनच 'श्रीयुत गंगाधर टिपरे' ही मालिका झाली. वर्गातही तसंच होतं. मोहसिनला जी गोष्ट कळत नाही ती अमीनाच्या वहीत असते, आणि ऐकणाऱ्या मुलांना दोन्ही कळतात.

ऐकणाऱ्यांनी 'छान' म्हणायचं नाही. पात्राला एक प्रश्न विचारायचा, आणि लिहिणाऱ्यानं पात्र म्हणूनच उत्तर द्यायचं. 'मोहसिन, तू हमीदला चिमट्याचं विचारलंस का शेवटी?' उत्तर सुचलं की मूल जाग्यावर जाऊन दोन ओळी वाढवतं.

पुन्हा लिहिणं आणि तपासणं

रोजनिशी एकदा लिहिली की तिला हात लावायचा नसतो, असं मुलांना वाटतं. ॲन फ्रँकनंही आपली वही पुन्हा लिहायला घेतली होती. मार्च १९४४मध्ये तिनं रेडिओवर ऐकलं की युद्धानंतर लोकांची पत्रं आणि रोजनिश्या गोळा करायच्या आहेत, आणि तिनं जुनी पानं काढून नव्यानं मांडायला सुरुवात केली. मुलांना हे सांगितलं की पुनर्लेखनाची कुरकुर कमी होते.

दुरुस्त्या दोनच सांगा. जिथं लिहिणाऱ्याला ठाऊक नसलेलं काही घुसलं आहे ते काढायचं. फळ्यावरचे रकाने तोपर्यंत पुसू नका. आणि 'खूप आनंद झाला', 'फार दुःख झालं' असं एखादं वाक्य निवडून त्या जागी हातांनी काय केलं ते लिहायचं.

शुद्धलेखनाचं लाल पेन या वहीला लावू नये. ऱ्हस्व-दीर्घासाठी वेगळी तासिका घ्या. इथं मी समासात फक्त प्रश्न लिहिते, तोही पात्रालाच. गुण द्यायचेच असतील तर पहिल्या आणि तिसऱ्या नोंदीतला फरक बघून द्या.

एक खबरदारी

दुसऱ्याच्या नावानं लिहिताना मुलं आपल्या घरातलं लिहून जातात. अमीनाच्या बटव्यातल्या पाच पैशांत एखाद्या घरची महिनाअखेर असते, मोहसिनच्या अम्मीच्या थपडेत दुसरंच काही असतं. ही मोकळीक या लेखनाचा मोठा गुण आहे आणि ती जपणं आपलं काम आहे. 'हे तुझ्याच घरचं ना?' असं कधीही विचारू नये, एकट्यात नाही आणि वर्गात तर मुळीच नाही. वाचून दाखवायचं की नाही हे मुलानं ठरवावं. पालकसभेत भिंतीवर लावायच्या नोंदीही विचारूनच लावाव्यात. एखाद्या वहीत मुलाला कुणी इजा करतंय अशी शंका येण्यासारखं काही दिसलं, तर मात्र गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. मुलाशी शांतपणे बोला, मुख्याध्यापकांना सांगा, आणि १०९८ ही मुलांसाठीची मदतवाहिनी आहे हे लक्षात ठेवा.

लहानांसाठी, मोठ्यांसाठी

तिसरी-चौथीला 'ईदगाह' जड जाते. त्यांना भोपळ्यातून निघालेल्या म्हातारीची गोष्ट द्या आणि वाघाची रोजनिशी लिहायला सांगा. वाघ प्राणी असला तरी इथं चालतो, कारण त्याला रोज वाट बघायची आहे. म्हातारी लेकीकडे गेली आहे, लठ्ठ होऊन परत येणार म्हणालीय. पहिला दिवस, पाचवा दिवस, दहावा दिवस, रोज दोन वाक्यं. भोपळ्याचं वाघाला माहीत नाही.

आठवी-नववीला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' घेता येते. ती तरुण मास्तरच्या तोंडून येते, म्हणून मास्तरला सोडायचं आणि कारभाऱ्याकडे जायचं. मास्तर आणि गावातली अंजी यांच्याविषयी त्याच्या मनात भलता संशय येतो आणि तो अबोला धरतो. त्या दिवसांत तो स्वतःशी काय बोलत असेल, हे मास्तरला कळलेलं नाही. या वयाची मुलं ते लिहू शकतात. रकाने करायला त्यांनाही लावा, आणि कारभाऱ्याच्या नावापुढे वेळ लिहायला सांगा.